सहावा आवाज

बोरगुडी,
रविवार, २५ जानेवारी १९५९

प्रिय सुमी,

हे पत्र डाकेनं नाही, तुझ्या भोजराजकाकाच्या हाती पाठवतोय. तो दुपारच्या गाडीनं गोंदियाला जातो आणि तिथून मोटारीनं कोहमाऱ्याकडे. त्याला मी एक निरोप तोंडी सांगितला आहे, तीनदा म्हणवून घेतला आहे. तो आधी ऐक, तो सांगेल तसं कर, आणि मग हे कागद निवांत वाच. निरोपाचं कारण शेवटी येईल. तुझं पत्र मला गुरुवारी मिळालं. उत्तराला तीन दिवस लागले, असं आजवर कधी झालं नाही. तुझी आई म्हणते, तुमच्या हाताला काय झालं, चारदा कागद घेता आणि चारदा घडी करून ठेवता. हाताला काही झालेलं नाही. मी भ्यालो आहे. हा शब्द तू माझ्या तोंडून कधी ऐकला नसशील, म्हणून पहिल्याच परिच्छेदात लिहून टाकतो. पुढचं लिहायला बळ येईल.

शाळा कशी चालली आहे, असं तू विचारलंस. पट त्रेचाळीस, चार वर्ग, एक खोली आणि एक मी. पहिली कोपऱ्यात चिंचोके मांडते, दुसरी पाटीवर गिरवते, तिसरी वाचते, चौथीला मी गणित सांगतो आणि एक कान तिन्हीकडे ठेवतो. तूही आता तुझ्या शाळेत हेच करत असशील. रोवणीत वर्ग रिकामा असतो, पोरं गुडघाभर चिखलात. धान कापणीत पुन्हा रिकामा. मळणी आटोपली की पौषात कुठं शाळा भरल्यासारखी भरते. मागल्या महिन्यात साहेब तपासणीला आले होते. तिसरीला त्यांनी विचारलं, सूर्य कुठं मावळतो. रुख्मा उभी राहिली. पुढचे दोन दात पडलेली, केसांना कधी तेल नाही, पण उत्तर नेहमी हजर. म्हणाली, "बकाराम आज्याच्या बोडीमांगं." त्या चिमुकल्या तळ्याचं नाव ऐकून साहेबांनी भुवया वर केल्या. मी पश्चिम म्हणवून घ्यायला पुढं झालो, तर ती म्हणते, "पश्चिम तं पुस्तकात आहे ना जी. मावळते बोडीमांगंच." साहेब खो खो हसले आणि शेऱ्यात लिहून गेले की मुलं धीट आहेत. तो शेरा मी तुझ्या आईला दोनदा वाचून दाखवला. धीट. आज वाचून दाखवणार नाही.

ही रुख्मा कोसमटोल्याची. टोला तुला आठवतो ना, जंगलापलीकडची बारा-पंधरा घरं, पोवारांची आणि आपल्या कुणब्यांची. शाळेपासून दीड कोस. तिथून दहा पोरं येतात, त्यातल्या सात पोरी. सात पोरी शाळेत आणायला मला चार वर्षं लागली, प्रत्येक घराच्या ओसरीवर बसून, प्रत्येक आजीशी वाद घालून. मार्गशीर्षात लाकडं तोडायला गेलेल्या घनश्यामला वाघानं नेलं. आधी बैल गेले होते, तेव्हा लोक नुसते हळहळले. माणूस गेला तेव्हा टोल्यानं दारं लावून घेतली. इथं वाघ हा शब्द कुणी बोलत नाही, मोठा जनावर म्हणतात, आणि तेही आवाज खाली करून. शिकारी येणार, येणार, असं दीड महिना ऐकतोय. पोरं घरी बसली. मी टोल्यावर गेलो, मातामायच्या चबुतऱ्यापाशी माणसं जमवली आणि बोललो. तुला माझं बोलणं ठाऊक आहे. मी म्हणालो की ज्या देशानं एवढ्या मोठ्या सत्तेला घालवलं, त्या देशाची लेकरं एका जनावराला भिऊन अडाणी राहणार असतील, तर ते स्वातंत्र्य बोडीत बुडवा. सेवकरामची म्हातारी आई मधेच म्हणाली, "जंगल का पाटी पाहून सोडून देते का जी?" लोक हसले. त्या हसण्यानं मी पेटलो. म्हणालो, रोज सकाळी मी येईन, पोरांना घेऊन जाईन, संध्याकाळी आणून सोडीन. रांगेच्या पुढं मी चालेन. घ्यायचंच असेल तर त्यानं आधी मला घ्यावं. सुमी, बायाबापड्यांनी डोळ्यांना पदर लावले. दुसऱ्या दिवशी दहाच्या दहा पोरं पाटी घेऊन तयार.

आता जे लिहितो ते तुझ्या आईलाही सांगितलेलं नाही. सकाळी जाताना मी एकटा असतो. दव पडलेलं, पायवाट दोन्ही बाजूंनी बांबूनं झाकलेली, कचारगडाच्या डोंगराकडून थंडी उतरत असते. हातात घुंगरू बांधलेली काठी. पहिल्या दिवशी अर्ध्या वाटेवर वानर खेकसलं आणि मी काठी टाकून बांबूआड दडलो. अक्षरशः दडलो, उकिडवा बसून. दरेकशाच्या बोगद्याशी गाडीनं शिटी दिली, ती ऐकून डोळ्यांत पाणी आलं, की जगात अजून कुणीतरी जागं आहे. मग मी बोलायला लागलो. मोठ्यानं. बेचाळीस साली बाजारात दिलेलं भाषण, जनपद सभेच्या निवडणुकीतलं भाषण, स्त्रीशिक्षणावरचं भाषण, एकामागून एक, झाडांना. सभ्य स्त्रीपुरुषहो, असं साजाच्या झाडाकडे पाहून म्हणणारा माणूस तू पाहिला असतास तर हसून लोळली असतीस. दीड कोस मी रोज बोलत जातो. लोकांना वाटतं गुरुजींच्या छातीत वाघ आहे. गुरुजींच्या छातीत काय आहे ते ती झाडं जाणतात.

शाळेकडे परतताना दहा पोरं मागं. वाट एकेरी, मला नजर पुढं ठेवावी लागे. मागं वळून मोजायला थांबावं तर पोरं थांबतात, आणि जंगलात थांबणं मला नको होतं. म्हणून मी एक युक्ती काढली. दहा पोरं, पाढ्याच्या दहा ओळी. प्रत्येकाची जागा ठरलेली, प्रत्येकाची ओळ ठरलेली. मोहाच्या झाडापाशी एकदा, नाल्यापाशी एकदा, गावाच्या शिवेवर एकदा मी काठी आपटायची, की पहिला म्हणणार सात एके सात, दुसरी म्हणणार सात दुणे चौदा, आणि असं सत्तरपर्यंत. दहाही ओळी आल्या म्हणजे दहाही पोरं आहेत. वर पाढे पाठ होतात, आणि आवाजानं जनावर लांब राहतं. एका दगडात तीन पाखरं. मला या युक्तीचा गर्व होता. बकाराम आज्यानं एकदा वाटेत गाठून म्हटलं, "गुरुजी, तो काई पुढून नाई घेत. मांगून घेते. तुमी पुढं कायले चालता?" त्याचे केस जंगलात पिकलेले, आणि मला वाटलं म्हातारा टोमणा मारतोय. मी त्याला नेत्यानं पुढं का चालावं यावर चार वाक्यं ऐकवली. तो ऐकून घेऊन म्हणाला, "बरं बाप्पा," आणि गेला.

रांगेतली सहावी राजकुमारी. सेवकरामची धाकटी, आठ वर्षांची, हळू बोलणारी. अक्षर इतकं सुरेख की पाटी पुसवत नाही. पण साताच्या पाढ्यात तिची जीभ अडायची. सहावी ओळ तिची, सात सक बेचाळीस, आणि ती तिथंच थांबायची. मागची चार पोरं तिच्यासाठी खोळंबायची, आणि नाल्यापाशी, जिथं वाळूत नेहमी काहीतरी उमटलेलं असतं, तिथं मी त्या शांततेत उभा असायचो. तेवढ्या दोन-चार क्षणांत माझ्या मनात काय काय होऊन जायचं ते लिहवत नाही. पोर आहे की गेली? मग मागून बारीक आवाज यायचा, बेचाळीस. पोर असायची. माझी भीती मग राग व्हायची. हे मला आज कळतंय, तेव्हा मला तो शिस्तीचा प्रश्न वाटायचा. पंधरा तारखेला, गुरुवारी, ती तिन्ही ठिकाणी अडली. शाळेत आल्यावर मी तिला पुढं बोलावलं आणि हातावर चार छड्या दिल्या. आणि सगळ्या टोलेकरी पोरांना उभं करून सांगितलं की उद्यापासून जो अडेल त्याच्यापायी अख्ख्या रांगेला छडी बसेल, कारण जंगलात एकाची चूक ती सगळ्यांची चूक. वाक्य चांगलं होतं. माझी वाक्यं चांगलीच असतात.

शुक्रवारी मोहापाशी काठी आपटली. सात एके सात. ओळी येत गेल्या, आणि सहावी ओळ आली, स्वच्छ, न अडखळता, सात सक बेचाळीस. तिच्यामागं लगेच एकोणपन्नास. नाल्यापाशी तेच. शिवेवर तेच. सुमी, मी मनात म्हटलं, पाहा, छडीनं काम केलं. शाळा भरली, हजेरी घेतली, नावं वाचत गेलो आणि मान खाली घालून खुणा करत गेलो. राजकुमारीच्या नावालाही "हजर" आलं. मग मला वाटलं, काल मारलं तर आज शाबासकीही द्यावी, माणसानं न्यायी असावं. म्हणालो, राजकुमारी, ये, इथं उभी राहा आणि साताचा पाढा सगळ्या शाळेला म्हणून दाखव. कुणी उठलं नाही. मी पुन्हा म्हणालो. टोल्याची नऊ पोरं पाटीकडे बघत होती. नऊच.

ती टोल्यातून निघाली होती. मोहाच्या अलीकडे, पहिल्या काठीच्या आधीच, रांगेतून बाजूला झाली होती. मागून येणाऱ्या रुख्माला म्हणाली, "तू जाय, मी नाई येत." मागची बाकी पोरंही तिच्या बाजूनं पुढं आली. सगळ्यांनी पाहिलं. रुख्मानं तिची ओळ म्हटली आणि लगोलग स्वतःचीही म्हटली, तिन्ही ठिकाणी, आणि हजेरीलाही तीच हजर म्हणाली. हे मला रुख्मानं तिथंच, उभ्या उभ्या सांगितलं, कारण मी तिचा खांदा धरला होता. "तिची ओळ राह्यली असती तं सबन पोट्ट्याइले मार बसला असता जी. मंग मी म्हनली." मी खांदा सोडला. नऊ पोरांना ठाऊक होतं की त्या जंगलाच्या तोंडाशी एक पोर एकटी राहिली आहे. फक्त मला ठाऊक नव्हतं, आणि मला सांगायची एकाचीही छाती झाली नाही. धीट मुलं.

मी धावलो. काठी वर्गातच राहिली. बकाराम आज्या बोडीवर होता, त्यानं माझं तोंड पाहिलं आणि काही न विचारता कुऱ्हाड घेऊन मागं आला, गावातले आणखी चौघं बडवायला डबे घेऊन आले. नाल्यापाशी आज्यानं मला दंडाला धरून थांबवलं. वाळूत सकाळची पोरांची पावलं उमटली होती, बारकी, एकामागं एक. आणि त्यांच्यावर, बरोबर त्यांच्यावर, सुमी, ताटलीएवढे पंजे. पोरांच्या पावलांवर पाय देत तो नाल्यापर्यंत आला होता आणि तिथून बाजूला वळला होता. म्हणजे मी पुढं घुंगरू वाजवत, एकोणपन्नास, छप्पन्न ऐकत चाललो होतो तेव्हा रांगेचा अकरावा तो होता. पुढं जायचं मला सुचेना. म्हाताऱ्यानं दंड ओढला तेव्हा गेलो. मी हाका मारायला लागलो. माझा आवाज तुला ठाऊक आहे, बाजारातल्या हजार माणसांना पोहोचणारा. राजकुमारी, राजकुमारी, असं ओरडत मी मोहापर्यंत गेलो. उत्तर नाही. मी धरून चाललो की आता उत्तर येणारच नाही. सेवकरामला काय सांगू, याचं पहिलं वाक्य मनात तयार व्हायला लागलं, आणि त्या वाक्याची मला इतकी किळस आली की ते ऐकू येऊ नये म्हणून मी आणखी मोठ्यानं ओरडलो.

आज्या जमीन बघत चालला होता. त्याला बांधावर एक बारकं पाऊल दिसलं, शेताकडे वळलेलं. सेवकरामच्या लाखोरीच्या शेतात राखणीचं मचाण आहे. आज्यानं मला हातानं गप्प राहायला सांगितलं आणि खालून हलक्या आवाजात म्हणाला, "उतर वो माय. कोनी मारत नाई." वर गवत हललं. दोन पाय खाली लोंबले, मग परकर, मग पाटी छातीशी धरलेली राजकुमारी. अंगावर ओरखडाही नव्हता. मला वाटलं मी तिला उचलून घेईन. मी एक पाऊल पुढं टाकलं आणि ती आज्याच्या धोतराआड गेली. मग त्यानंच विचारून काढलं. जनावर मचाणाखालून गेला होता, बसला होता थोडा वेळ, तिनं वरून त्याची पाठ पाहिली होती. ती हलली नाही. तो गेल्यावर तिला बरं वाटलं, तिनं पाय खाली सोडले. मग माझा आवाज आला. तो ऐकून तिनं पाय वर घेतले आणि गवत ओढून घेतलं. माझी प्रत्येक हाक तिनं ऐकली होती. आज्या माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुमच्या आवाजाले भेली ते." एवढंच. त्यानंतर आजपर्यंत तो या विषयावर बोललेला नाही.

डबे ऐकून सेवकराम पलीकडच्या शेतातून धावत आला. पोर पाहिली, वाळूतले पंजे पाहिले, आणि माझे पाय धरले. "गुरुजी, तुमची मोजनी नसती तं माह्या पोरीचं काई खरं नोहतं." त्याला वाटलं, वाटेत मोजताना मला एक आवाज कमी आला आणि म्हणून मी परत फिरलो. तिथं बोलायला हवं होतं. सुमी, उभ्या आयुष्यात मी एवढा एकदाच गप्प राहिलो. संध्याकाळपर्यंत टोल्यात गोष्ट झाली, रविवारपर्यंत चार गावांत झाली. बुधवारी साहेबांचा कागद आला की अशी तोंडी मोजणी जंगलकाठच्या सगळ्या शाळांनी सुरू करावी असं ते वर कळवत आहेत. आणि उद्या, झेंडावंदनानंतर, टोला माझा सत्कार करणार आहे. सेवकरामनं शेला आणून ठेवला आहे. मी बोलावं अशी सगळ्यांची इच्छा आहे.

सोमवारपासून मी मागून चालतो. पाढा बंद केला आहे. पोरांना सांगितलं की पुढं रुख्मा चालेल, काठी तिच्या हातात, आणि म्हणायचंच असेल तर जे आवडतं ते म्हणा. पहिल्या दिवशी कुणी काही म्हणालं नाही. मागून चालताना मला पहिल्यांदा दिसलं की दहा पाठी कशा असतात. कुणाच्या टाचा थंडीनं फुटलेल्या, कुणाचं झबलं मागून उसवलेलं, आणि मी जवळ आलो की शेवटच्या पोराची मान खांद्यात जाते. वाघाची चाहूल लागल्यासारखी. परवा त्यांनी दंडारीच्या नाचातलं एक गाणं म्हटलं, आधी हळू, मग बरंच मोठ्यानं. राजकुमारी ओठ हलवत होती. माझ्याकडे वळून पाहत नव्हती, पण हलवत होती. एवढंच चांगलं आहे सांगण्यासारखं. बाकी मला भीती आहे, आणि आता वाघाची कमी आहे. उद्या मी खरं सांगितलं तर टोला पोरी काढून घेईल. सेवकरामची आई पहिली म्हणेल की जंगलापेक्षा मास्तर वाईट. ती खोटं म्हणणार नाही. चार वर्षांच्या ओसऱ्या, सात पोरी, सगळं एका दुपारी जाईल. आणि नाही सांगितलं तर शेला अंगावर घेऊन मी त्या नऊ पोरांसमोर उभा राहीन ज्यांना सगळं ठाऊक आहे. ती टाळ्या वाजवतील. मला भीती त्या टाळ्यांची आहे. ती मोठी होऊन कुठंतरी उभी राहतील आणि कुणाला तरी सांगणार नाहीत की एक कमी आहे. मी उद्याचं भाषण चार पानी लिहिलं होतं. फाडलं. आता तीन वाक्यं आहेत आणि ती पाठ होत नाहीत.

एक जुनी गोष्ट राहून राहून वर येते. तू दुसरीत होतीस. शेजारच्या पोराला तू उत्तर कुजबुजलीस आणि मी पकडलं. माझी मुलगी म्हणून मी तुला दुप्पट मारलं, चारच्या जागी आठ. चार झाल्यावर तू तो हात मागं घेतलास आणि न सांगता दुसरा पुढं केलास. रडली नाहीस. त्यानंतर किती सभांतून मी ही गोष्ट सांगितली असेल, माझ्या निःपक्षपातीपणाचा दाखला म्हणून. तू समोर बसलेली असायचीस. लोक टाळ्या वाजवायचे, तू खाली बघायचीस, आणि मला वाटायचं पोर लाजते आहे. सोमवारी रुख्माच्या हातात काठी द्यायला गेलो तेव्हा तिनं आधी तळहात पुढं केला, मारासाठी. सवयीनं. मग तिला कळलं की मी काठी देतोय.

आता तुझ्या पत्राच्या शेवटच्या चार ओळी. तू लिहिलंस, "भोजराजकाकांकडून बाबांची पाढ्याची मोजणी कळली, अभिमान वाटला. माझीही सोळा पोरं जंगलातून येतात, मी याच सोमवारपासून तशीच मोजणी सुरू केली आहे, मी पुढं चालते, पोरं आठ-आठ ओळींचे दोन पाढे म्हणतात, एकही ओळ चुकत नाही." आणि विचारलंस की वर्गात पोरं गप्प कशी बसवायची, तुमची युक्ती सांगा. गुरुवारी हे वाचलं तेव्हा मला नाल्यातली वाळू दिसली. तरी मी तुला कळवलं नाही. शुक्रवार गेला, शनिवार गेला, दोन दिवस तुझी सोळा पोरं त्या मोजणीवर जंगलातून आली आणि गेली, कारण माझ्या मुलीला माझा अभिमान वाटतो आहे आणि तो तसाच राहावा असं मला वाटत होतं. भोजराजनं तोंडी सांगितलं ते हेच: पाढा बंद कर, मागून चाल, डोळ्यांनी मोज, एकेकाचं तोंड पाहून. ओळ बरोबर आली म्हणजे पोर तिथं आहे असं नसतं. माझी युक्ती म्हणशील तर पोरं माझ्यापुढं गप्प बसत नव्हती, लपत होती. तुझी पोरं बोलतात असं तू तक्रारीनं लिहिलंस. बोलू दे. एखादी येऊन म्हणाली की बाई, एक जण मागं राहिली, तर समज की तू चांगली शिक्षिका आहेस. हे तुला लिहिलं आणि भोजराज गाडीत बसला की मला मागं फिरता येणार नाही. उद्या टोल्यासमोर उभं राहताना निदान एका माणसाला सगळं आधीच ठाऊक असेल. त्यासाठीही लिहिलं. तो दुसरा हात तू का पुढं केलास, ते मी तुला कधी विचारलं नाही. सुटीत आलीस तर सांग. मी मधे बोलणार नाही.

रांगेच्या मागून येणारा,
तुझाच,
बाबा